स्टेशन ते मांडवी

[सकाळचे सात. बडोदे स्टेशन, सयाजीगंजच्या बाजूचं दार. रिक्षांची रांग, चहाच्या टपरीवरची वाफ.]

"न्यायमंदिर, न्यायमंदिर! बेसी जाओ बेन, एक जण बाकी!"

पुण्या-मुंबईत जिला शेअर रिक्षा म्हणतात, तिचं इथलं नाव शटल. मागे तिघं, पुढे चालकाच्या शेजारी एक, आणि तो एक मिळाल्याशिवाय ती हलत नाही. या हाकेकडे आज पाठ फिरवायची आहे. जाताना पायी आणि येताना बस, असा माझ्या आजीचा शिरस्ता होता. सकाळी पाय ताजे असतात आणि सावली आपल्या बाजूला असते. परतताना हातात भाजीची पिशवी असते. आजी रावपुऱ्यात राहायची आणि बडोद्याला कायम "गाव" म्हणायची.

स्टेशनपासून जुन्या शहरातल्या मांडवी दरवाजापर्यंत साधारण चार किलोमीटर होतात. न थांबता गेलात तर तासाभरात पोचाल. मला कधीच तासाभरात जमलेलं नाही.

एक आधीच सांगते. या फिल्ममध्ये लक्ष्मी विलास पॅलेस नाही. १८९० साली बांधून झालेला तो राजवाडा बघायलाच हवा, पण महाराष्ट्रातून येणारे बहुतेक पाहुणे स्टेशनवरून थेट तिथे जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. राजानं स्वतःसाठी काय बांधलं ते त्यांना दिसतं. लोकांसाठी काय बांधलं ते या चार किलोमीटरांच्या वाटेवर आहे.

[सयाजीगंज. दुकानांची शटर उघडताहेत. झाडांवरून दिसणारा घुमट.]

डावीकडे झाडांवर डोकावतोय तो घुमट जुन्या बडोदा कॉलेजचा. कॉलेज १८८१ चं. आता ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा आहे. अरविंद घोष याच कॉलेजात शिकवत होते. १८९३ पासून १९०६ पर्यंत तेरा वर्षं त्यांनी बडोद्याच्या नोकरीत काढली.

थोडं पुढे काळाघोडा. घोड्यावर सयाजीराव महाराज बसलेले आहेत, पण चौकाला आणि थांब्याला नाव घोड्याचं. बडोद्यातलं कुठलंही मूल या नावानं रस्ता सांगेल.

हे महाराज जन्मानं गोपाळ. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे १९३९ पर्यंत त्यानं राज्य केलं. १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या पोराला स्वतःला बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागली, त्यानं राजा झाल्यावर हे केलं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त माया या गोष्टीमुळे वाटते.

शेजारी कमाटीबाग. आत आत्ता शिरायचं नाही. येताना थांबू.

[विश्वामित्रीवरचा पूल. कठड्याला टेकलेली माणसं खाली बघताहेत.]

पुलावर कोणी कठड्याला टेकून खाली टक लावून उभं असलं, की समजायचं मगर दिसली. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि भर शहरातून वाहते. तिच्यात शेकडो मगरी राहतात. शहराच्या मधोमध, शाळेच्या आणि दवाखान्याच्या हाकेच्या अंतरावर. रिक्षातून जाताना ही नदी दिसतच नाही. पूल केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला ते कळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ती पात्र सोडून घरांत शिरली आणि वस्त्यांमध्ये मगरी फिरल्या, तेव्हा कित्येकांना कळलं की आपण नदीकाठी राहतो. पायी जाणाऱ्याला ते रोज कळतं. वास येतो, पाणी चढलेलं-उतरलेलं दिसतं, काठावर कोणी राडारोडा टाकला तर तोही दिसतो.

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. सयाजीरावांच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांनिमित्त १९३६ साली बांधलेलं हे गायकवाड घराण्याचं स्मारक. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध. शांतिनिकेतनातला हा चित्रकार अनेक वर्षं इथे येऊन रंगवत राहिला. उन्हातून आत गेलात की डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, मग एकेक आकृती पुढे येऊ लागते. घाई करू नका.

[कोठी चार रस्ता. रहदारी. रस्ता ओलांडायला थांबलेली एक बाई, हातात शाळकरी मुलगा.]

इथे मात्र चालण्याचा आनंद संपतो. पदपथ आहे, पण त्यावर स्कूटर उभ्या आहेत. त्या चुकवायला खाली उतरलं की बाजूनं गाड्या. आजी सत्तरीतसुद्धा हा रस्ता एकटी ओलांडायची. आज माझ्या आईला मी एकटीला पाठवत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण चालणाऱ्यांसाठी इतकं काही एका वाटेवर मांडून ठेवलेलं दुसरं शहर माझ्या पाहण्यात नाही.

[रावपुरा. मोठ्या पातेल्यातून उसळ वाढणारे हात. आवाज: पळी, ताटल्या.]

रावपुऱ्याच्या वाटेवर न्याहारी. सेव-उसळ. मिसळीत मटकी असते आणि वर फरसाण. इथे पांढरे वाटाणे, पातळ रस्सा, वर भरपूर शेव, कांद्याची पात, लसणाची चटणी आणि पाव. तरी वेगळ्या भांड्यात येते, हवी तेवढी घ्या. गुजराती घरातली पोरंही तिला 'उसळ'च म्हणतात, आपल्या 'ळ'सकट. गायकवाडांच्या फौजेबरोबर जी मराठी माणसं आली, त्यांनी इथे काय ठेवलं असं कोणी विचारलं, तर मी आधी ही ताटली पुढे करीन.

रावपुऱ्याचं टॉवर १८९६ चं. महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तरुणपणीच वारल्या. त्यांच्या आठवणीत ते उभं राहिलं.

टॉवरपासून दांडिया बाजाराकडे वळलं की पाट्यांवरची आडनावं बदलतात. जोशी, पवार, शिर्के, कुलकर्णी. ओट्यावर पेपर वाचणारे एक काका आम्हाला कॅमेऱ्यासकट बघून विचारतात, "कुठून आलात? पुण्याहून?" मी म्हणते, "नाही काका, इथलीच. रावपुऱ्याची." मग ते पेपर घडी करतात आणि विचारतात, "कोणाची तू?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय दांडिया बाजारात कोणाची सुटका होत नाही. पाच मिनिटांत माझे आजोबा, त्यांचं दुकान आणि त्यांचा तापट स्वभाव, सगळं निघतं.

[तांबेकर वाडा. लाकडी जिना. अंधारातून हळूहळू उजळणारी भिंत.]

काकांच्या घरापासून दोन वळणांवर तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. बाहेरून बघाल तर जुनं लाकडी घर, पुढे निघून जाल. वर जा. खोलीच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई, लाल डगल्यातले गोरे शिपाई. काढणाऱ्यानं देवांना आणि इंग्रजांना एकाच मापात काढलंय. आता हा वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मी शाळेत असताना पहिल्यांदा इथे आले ती आजीबरोबरच. ती चित्रं बघायची नाही, खिडकीशी बसून पाय चोळायची आणि म्हणायची, "तू बघ. मला ऊन उतरू दे."

[सुरसागर. पाण्यावर वारा. दुरून तबल्याचा आवाज.]

सुरसागर तलाव. मधोमध शंकराची १११ फुटी मूर्ती. ती सगळ्यांना दिसते. मला तुम्हाला काठावरची जुनी इमारत दाखवायची आहे. १८८६ साली सयाजीरावांनी गाण्याची शाळा काढली आणि ती उस्ताद मौलाबक्षांच्या हाती दिली. राजदरबारात बसल्याशिवाय ज्या विद्येचा स्वर कानावर पडत नसे, ती फळ्यावर लिहून शिकवायची, असं ते धाडस. आज ते विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय आहे. संध्याकाळी काठावर बसलात तर रियाज ऐकू येतो. अब्दुल करीम खाँ याच दरबारात गवई होते, आणि त्यांची लेक हिराबाई पुढे महाराष्ट्रभर गायल्या त्या 'बडोदेकर' होऊन.

तलावापलीकडे न्यायमंदिर, १८९६. कोर्टं २०१८ मध्ये नव्या इमारतीत गेली, बसचा थांबा मात्र न्यायमंदिरच राहिला. लहरीपुरा दरवाजातून आत शिरलात की जुनं तटबंदीचं शहर, आणि नाकासमोर मांडवी. चारही बाजूंनी कमानी, चारही बाजूंना रस्ते.

मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी. महाराज अमेरिकेत गेले असताना तिथली सार्वजनिक वाचनालयं बघून आले, आणि १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायला लागली. इथे लोखंडी मांडण्यांमधून काचेची जमीन आहे, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना प्रत्येक जण थबकतो.

[न्यायमंदिर थांबा. सिटी बस येते. खिडकीतून मागे सरकणारं शहर.]

परतताना बस. कधी लगेच मिळते, कधी पाऊण तास थांबावं लागतं. खिडकीची जागा मिळाली, तर सकाळी चाललेली सगळी वाट उलटी दिसते, टॉवर, कोठी, पूल. पायी चाललेल्या रस्त्यावरून बसमधून जाण्यात एक समाधान असतं. प्रत्येक वळण आधीच ओळखीचं झालेलं असतं.

"कमाटीबाग!"

मी इथे उतरते.

[बागेचं दार. वडाचं झाड, पारंब्या. आवाज कमी.]

बाग १८७९ ची. शंभर एकरांहून मोठी, राजानं लोकांसाठी उघडलेली. आत संग्रहालय आहे, निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, पोरांची आगगाडी आहे. आज तिकडे जायचं नाही.

सप्टेंबर १९१७. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून एक सव्वीस वर्षांचा तरुण बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला. शिक्षणाची शिष्यवृत्ती याच संस्थानानं दिली होती. राहायला मात्र कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत तो पारशी नाव सांगून राहिला. ते कळल्यावर काठ्या घेऊन माणसं आली आणि त्याला बाहेर काढलं. ओळखीच्या घरांनीही नकार दिला. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचे तास काढायला भीमराव आंबेडकर या बागेत येऊन बसले.

वडाखालची ही जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. वडावरूनच या शहराला वटोदर, वडोदरा, बडोदे ही नावं मिळाली.

सकाळपासून मी तुम्हाला उघडी दारं दाखवत आले. कॉलेज, वाचनालय, गाण्याची शाळा. त्याच शहरात, त्याच राजाच्या काळात, ज्याला राजानं शिकवलं त्याला एक खोली मिळाली नाही. राजाच्या हुकमानं बाग उघडली होती. घरं उघडली नव्हती.

[बाकावर बसलेली माणसं. वडाखाली फुलं ठेवणारी एक आजी, सोबत नातू. संध्याकाळचा उजेड.]

नातू विचारतो, "इथेच बसले होते?"

आजी म्हणते, "हो रे, इथेच."

इथून स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर आहे.