आधी ‘वऱ्हाड’ लिहून पाहा

(तालुक्याच्या गावी वेबसाइट आणि छोटी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘डेटाबेस फुकटचा की विकतचा’, म्हणजे नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर फुकट घ्यावं की विकत. तिथं येतोच. पण तुमच्यात कोणी जिनिंगच्या काटापट्टीचं काम करतं, कोणी पतसंस्थेचं, कोणी संत्रा बागायतदारांच्या कंपनीची वेबसाइट सांभाळतं. या सगळ्या कामांत शेतकऱ्याचं नाव देवनागरीत येतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. म्हणून किमतीच्या आधी नावाचं बोलू.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आलेली यादी कोणी पाहिली आहे? हात वर करा. अर्धी खोली! मायएसक्यूएल या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये ८.० आवृत्तीच्या आधी अक्षरसंच, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, न सांगता टेबल केलं, तर तो लॅटिन-१ हा युरोपीय अक्षरांचा संच धरला जाई. त्यात देवनागरीला जागाच नाही. चुकीची नोंद अडवणारा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर नोंद नाकारली जाते, हे बरं. बंद असेल तर ‘यवतमाळ’च्या जागी सहा प्रश्नचिन्हं साठतात आणि मूळ अक्षरं कायमची जातात. युरोपीय अक्षरांचा कचरा दिसत असेल तर मात्र आशा आहे. तिथं बाइट, म्हणजे आत साठवलेले आकडे, बहुधा शाबूत असतात, फक्त वाचणारा चुकतो. टेबलाची प्रत काढा, स्तंभ आधी बायनरी, म्हणजे नुसत्या बाइटांचा, करा, मग यूटीएफ८एमबी४ या सगळ्या लिप्या बसणाऱ्या अक्षरसंचाचा. थेट बदलाल तर कचराच पक्का होईल.

‘एमबी४’ विसरू नका. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, त्यामुळे चाचणीत सगळं ठीक दिसतं. मग कोणीतरी तक्रारीच्या रकान्यात मोबाइलवरून इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात, आणि नोंद तरी नाकारली जाते किंवा मजकूर तिथून पुढे कापला जातो. यूटीएफ८एमबी४ हा २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आला, आणि न सांगता मिळू लागला तो ८.० पासून, २०१८ मध्ये.

पैसे मोजून हे टळतं असं कोणी समजू नये. मायक्रोसॉफ्टच्या विकतच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभ साध्या व्हारचार प्रकारचा ठेवला, किंवा सगळ्या लिप्या घेणारा एनव्हारचार ठेवूनही क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, अवतरणचिन्हाआधी मोठा एन लावला नाही, तर नेहमीच्या मांडणीत तीच प्रश्नचिन्हं येतात.

आता आपला खास शब्द, ‘वऱ्हाड’. एक कीबोर्ड त्यातला ऱ स्वतंत्र अक्षर म्हणून पाठवतो. दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, पाठवतो. तिसरा र आणि नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. पडद्यावर तिन्ही सारखेच. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे फुकटचे डेटाबेस नेहमीच्या मांडणीत बाइट जुळवतात, त्यामुळे एका पद्धतीनं नोंदवलेले वऱ्हाडे दुसऱ्या पद्धतीनं शोधले की सापडत नाहीत, आणि कारकून त्यांचं दुसरं खातं उघडतो. इतर डेटाबेस कोलेशनप्रमाणे, म्हणजे अक्षरं जुळवण्याच्या नियमांप्रमाणे, वेगवेगळे वागतात, म्हणून हे काम त्यांच्यावर सोडू नका. नोंद करताना आणि शोधतानाही मजकूर एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या एकाच रूपात आणा. त्यानं पहिला आणि तिसरा प्रकार एक होतो. दुसऱ्यासाठी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या त्रयीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. नुसतं जोडचिन्ह पुसू नका, ऱ्हाचा रफार होतो आणि आडनावच बिघडतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ प्रश्न भराभर घेतो.

एकच संगणक, एकच कार्यालय असेल तर एसक्यूलाइट. एक फाइल, परवान्याची भानगड नाही, पण एका वेळी लिहिणारा एकच. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या वेबसाइट असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, पीएचपी भाषेतलं काम असेल तर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, कारण तिथं बहुधा तेच मिळतं. मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकलकडे आहे, मारियाडीबी ही त्याच्याच मूळ कर्त्यानं वेगळी काढलेली शाखा. स्वतःचा सर्व्हर आणि पैशाचा हिशेब असेल तर माझं मत पोस्टग्रेसला. रुपये आणि क्विंटल न्यूमरिक या नेमक्या आकड्यांच्या प्रकारात ठेवा, फ्लोट या अंदाजे आकड्यांच्या प्रकारात पैशांची चूक साठत जाते.

विकतचा कधी? गिऱ्हाइकाकडे एसक्यूएल सर्व्हर आधीच चालू आहे आणि तो सांभाळणारा माणूस आहे, किंवा कंपनीच्या मदतीचा लेखी करार हवा आहे, तेव्हा घ्यावा. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या भागांच्या संख्येवर, घेतला तर किमान चार कोअरचे पैसे पडतात. त्याच्याच मोफत ‘एक्सप्रेस’च्या २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि ठरावीक वेळी बॅकअप घेणारा एजंट त्यात नाही. तो विंडोजच्या टास्क शेड्युलरवरून लावावा लागतो. ५,००० शेतकऱ्यांचे सातबारे प्रत्येकी २ एमबीचे स्कॅन करून टेबलात कोंबले की मर्यादा संपलीच, नव्या नोंदी थांबतात, आणि हे नेमकं ऐन खरेदीत होतं. स्कॅन फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त पत्ता.

लाइन जाते, हेही धरून चला. मायएसक्यूएलमधली जुन्या मायआयसॅम प्रकारची टेबलं अशा वेळी मोडतात, इनोडीबी प्रकारची सावरतात. पण वेगासाठी कोणी लॉग फ्लशची, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की करण्याच्या सेटिंगची, किंमत १ वरून २ केली असेल, तर शेवटच्या सेकंदाच्या नोंदी जाऊ शकतात. काट्यावर तेवढ्यात एका ट्रॉलीचं वजन जाईल.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसचं डेटा फोल्डर कॉपी करू नका, ती प्रत उभी राहीलच असं नाही. मायएसक्यूएलडंप हे बॅकअपचं साधन सिंगल-ट्रान्झॅक्शन या पर्यायासह चालवा, अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ सांगा. पॉवरशेल या आज्ञा द्यायच्या खिडकीत बाणाच्या खुणेनं (>) फाइलीत लिहू नका, विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ती यूटीएफ-१६ या वेगळ्या रूपात लिहून टाकतं. मायएसक्यूएलडंपचाच रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा. मग ती फाइल दुसऱ्या संगणकावर उभी करा आणि तिथं ‘वऱ्हाडे’ दोन वेगळ्या कीबोर्डांनी शोधा. दोन्ही वेळा तेच खातं निघालं तरच गिऱ्हाइकाकडे जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.