माड पडला तर पडवीपर्यंत पोचेल का?

नमस्कार, श्रोतेहो. परसातला माड वाऱ्याने पडला तर घरापर्यंत येईल का, ही काळजी कोकणात पावसाळ्याआधी अनेक घरांत असते. माडावर न चढता उत्तर काढता येतं.

सकाळी दहाच्या सुमारास सपाट जागी एक मीटरची काठी रोवा. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी सरळ उभी आहे ना, ते बघा. आमच्याकडे तिची सावली 80 सेंटीमीटर पडली. लगोलग माडाची मोजली, कारण सावली सरकत असते. बुंध्यापासून झावळ्या फुटतात तिथपर्यंत ती 9.60 मीटर भरली. पुढे शाळेतलं त्रैराशिक : 9.60 भागिले 0.80, उत्तर 12 मीटर. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’तही सावलीची गणितं आहेत, तिथे काठीऐवजी 12 अंगुळांचा शंकू येतो.

आभाळ भरलेलं असेल तर चौरस कागद कर्णावर दुमडा. त्रिकोणाची एक आखूड बाजू ओळंब्याच्या दोऱ्याला समांतर धरा, लांब कडेवरून शेंड्याकडे पाहा आणि शेंडा त्या रेषेत येईपर्यंत मागे सरका. तिथून माडापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एवढीच माडाची उंची.

नारळ काढायला पाडेली आला तेव्हा त्याला वरून दगड बांधलेली दोरी सोडायला सांगितली. ती भरली 11.30 मीटर! सत्तर सेंटीमीटर गेले कुठे? दगड बुंध्याशी टेकलाच नव्हता. सावलीच्या दिशेला अर्धा मीटर पुढे टेकला होता. माड झुकलेला आहे, आणि आम्ही सावली बुंध्यापासून धरली होती. अर्धा मीटर वजा करून पुन्हा भागाकार केला, तेव्हा 11.38 आले. उरलेला फरक मला मान्य आहे, कारण एवढ्या उंचीवरून पडलेल्या सावलीची कड जवळजवळ वीतभर पुसट असते.

आमची पडवी बुंध्यापासून 14 मीटरवर, आणि नेमकी झोकाच्याच बाजूला. खोड तिथवर पोचत नाही. पण गळून पडलेली एक झावळी मोजली, ती साडेचार मीटर निघाली. म्हणजे कौलांवर झावळ्या येणार. त्या कडेची कौलं काढून आम्ही यंदा पत्रा घालतोय.