गुमर्सबाखचा हँडबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत कोलोनच्या पूर्वेला, डोंगराळ मुलखात, सुमारे 50 हजार वस्तीचे गुमर्सबाख हे शहर आहे. हँडबॉलच्या जगात मात्र या नावाचा दबदबा मोठमोठ्या राजधान्यांपेक्षा अधिक राहिला आहे आणि त्याचे कारण आहे तेथील व्हीएफएल गुमर्सबाख हा क्लब. 1861 मध्ये व्यायामाची संस्था म्हणून स्थापन झालेल्या या क्लबने 1966 ते 1991 या काळात 12 वेळा जर्मन विजेतेपद आणि 5 वेळा युरोपियन चषक जिंकला. या वैभवाचा पाया ज्यांच्या खेळावर उभा राहिला, त्यांत रुमानियातून पळून आलेला हान्सी श्मिट हा जर्मनभाषक खेळाडू अग्रभागी होता. युरोपियन चषकाच्या मोठ्या सामन्यांना गावातले सभागृह अपुरे पडे, म्हणून ते डॉर्टमुंडला खेळवले जात.

या इतिहासातील एका संध्याकाळीपाशी मला थांबावेसे वाटते. 30 मार्च 1979 रोजी हंगेरीतील टाटाबान्या येथे युरोपियन सामना चालू असताना गुमर्सबाखचा खेळाडू योआखिम डेकार्म प्रतिस्पर्ध्यावर आदळून कोसळला. मैदान म्हणजे पातळ आवरणाखालचे काँक्रीट होते आणि त्यावर त्याचे डोके आपटले. वर्षभरापूर्वीच जर्मनीला विश्वविजेता करणारा हा पंचविशीतला खेळाडू 131 दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यानंतर त्याला चालणे-बोलणे नव्याने शिकावे लागले. त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्याला कधीही एकटे पडू दिले नाही. चषकांच्या यादीपेक्षा मला या क्लबची हीच कमाई मोठी वाटते. त्यांच्यापैकीच एक हायनर ब्रांड, गुमर्सबाखमध्येच जन्मलेला. 1978 मध्ये तो खेळाडू म्हणून आणि 2007 मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वविजेता ठरला.

पुढे पैशाची तंगी आली, मोठ्या शहरांतले क्लब वरचढ झाले. 1966 मध्ये सुरू झालेल्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च हँडबॉल श्रेणीत, पहिल्या हंगामापासून अखंड खेळत आलेला हा क्लब 2019 मध्ये पहिल्यांदाच खालच्या श्रेणीत गेला. तीन वर्षे तो तेथे राहिला. 2022 मध्ये त्याला परत वर आणले ते आइसलँडच्या गुडयॉन वालुर सिगुर्डसन या प्रशिक्षकाने, जो स्वतः कधीकाळी याच क्लबकडून खेळला होता.