लपवलेला अपघात

नमस्कार श्रोतेहो. कारखान्यात राबणारी माणसं आणि त्यांना कामाला ठेवणारी माणसं, दोघांसाठीही आजचं बोलणं आहे. विषय एकच: अपघात झाला की कळवायचा. छोटा असला तरी कळवायचा आणि थोडक्यात टळला तरी कळवायचा.

१९९६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या भागधारकांची सभा भरली होती. कंपनीचे प्रमुख होते पॉल ओ'नील, जे पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. १९८७ मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याचं बोलायचं सोडून ते कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले होते. ऐकणारे चक्रावले! पुढे त्यांनी नियम केला, की जगात कुठल्याही कारखान्यात कुणाला इजा झाली, तर विभागप्रमुखानं २४ तासांत वर कळवायचं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तेही सोबत सांगायचं. लक्षात घ्या, २४ तासांत. इजाही आणि उपायही.

तर त्या सभेत एक ख्रिस्ती जोगीण उभी राहिली. मेक्सिकोच्या सीमेवर सिउदाद अकुन्या नावाचं गाव आहे. तिथं अल्कोआच्या कारखान्यात मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बनत. तिथले कामगार विषारी वायूमुळे आजारी पडतात, असं तिनं भर सभेत सांगितलं. ओ'नीलनी आधी कारखान्याची बाजू घेतली. पण विषय तिथंच सोडला नाही, माणसं पाठवून चौकशी करवली. कळलं ते असं: आत वायू कोंडला होता, माणसं आजारी पडली होती, आणि तिथला कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं हवा खेळती राहण्याची सोयही करून घेतली होती. एक-दोन दिवसांत माणसं बरी झाली होती. म्हणजे उपाय झाला होता. मग अडलं कुठं? त्यानं ते वर कळवलंच नव्हतं! हा माणूस कंपनीत वर्षानुवर्षं काम केलेला, धंदा वाढवून दाखवलेला. ओ'नीलनी त्याला काढून टाकलं. वायू कोंडला म्हणून नाही, ते कळवलं नाही म्हणून. पुन्हा सांगते, कळवलं नाही म्हणून. कारण अकुन्यात काय चुकलं ते दुसऱ्या देशातल्या कारखान्याला कळलं नाही, तर तिथंही माणसं तशीच आजारी पडणार.

आता आपल्याकडे या. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर अपघात सरकारला कळवावा लागतो. मग काही ठिकाणी काय करतात? पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून बाकावर बसवून ठेवतात, हजेरी लागते आणि नोंद टळते. हे पाप आहे. दारावर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक आणि त्यावर बक्षीस, हेही मला पटत नाही. बक्षिसापायी सगळी पाळी मिळून जखम लपवते. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला रांगोळ्या जरूर काढा, पण त्या दिवशी एकदा पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसचे गार्डही, म्हणजे हात आत जाऊ न देणारे अडसरही, तपासा.

पॉवर प्रेसवर बोटं जातात ती कशी? दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं असतं, म्हणजे एक हात मोकळा आणि माल जास्त. आज ती चिकटपट्टी दिसली आणि बोट वाचलं, तर हाच तो कळवायचा प्रसंग. अडकलेला पत्रा काढतानाही बोटं जातात. मेन स्विच बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मोटर थांबली तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्या. हवेचा दाब सोडा. रॅमखाली, म्हणजे वरून खाली येणाऱ्या जड भागाखाली, ठोकळा लावा, पण त्याआधी चालू करायचं बटण दाबून बघा, मशीन हललं नाही तरच हात घाला. किल्ली फोरमनकडे दिली की घोळ झाला, कारण पाळी बदलते आणि नवा माणूस मशीन चालू करतो.

नोंदवहीत चार ओळी पुरतात: कुठलं मशीन, किती वाजता, काय झालं, लगेच काय केलं. ओडिशा-झारखंडहून आलेल्या मुलाला मराठी लिहिता येत नसेल, तर त्याच्या भाषेत फोनवर बोलू द्या आणि सुपरवायझरनं उतरवून घ्यावं. ठेकेदाराचा माणूस असला तरी वही तीच. आणि नोंद करणाऱ्याला मेमो देऊ नका. एकाला मेमो मिळाला की वही कोरी राहते.

राहिला नोकरी सोडून जाणारा. नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा कामावरून काढणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे. पैसे हातात पडले, की मगच त्याला विचारा, "कुठल्या मशीनजवळ जायला तुला भीती वाटायची?" पैसे अडकलेले असताना कुणी खरं बोलत नाही. तो ज्या मशीनचं नाव घेईल, ते त्याच पाळीत मेंटेनन्सकडून तपासून घ्या.