पिशवी काढायची ठरली, तरी ओव्हरीचं वेगळं विचारा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या इंदूरात, रामबाग असो की सुदामानगर, हळदीकुंकवाला चाळिशीच्या पुढच्या चारजणी एकत्र आल्या की हा विषय हमखास निघतो. कुणाला फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयातली साधी, गाठ, कुणाची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, "मुलं मोठी झाली ना तुझी? काढून टाक पिशवी, मोकळी हो." शेजारची भाभीही तेच सांगते, "बच्चेदानी निकलवा लो." आणि घरी सासूबाई म्हणतात, "एकदाच काय ते सगळं काढून घे, नंतर कॅन्सरची भीती नको."

या "सगळं" विषयी मला आज बोलायचं आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि पिशवी काढण्याच्या विरुद्ध मुळीच नाही. हिमोग्लोबिन सातवर आलेली, जिना चढताना धापा टाकणारी, औषधं करून थकलेली बाई या ऑपरेशननंतर किती सुखी होते, ते मी पाहिलं आहे. पण त्या ऑपरेशनमध्ये दोन निर्णय असतात. गर्भाशय काढायचं का, हा पहिला. निरोगी ओव्हरी, म्हणजे बीजांडकोश, काढायचे का, हा दुसरा. बहुतेक घरांत पहिल्याची चर्चा होते आणि दुसरा तसाच उरकला जातो.

पहिल्याबद्दल थोडक्यात सांगते. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, नुसती गाठ काढता येते. रजोनिवृत्तीनंतर फायब्रॉइड बहुधा आपोआप आक्रसतात, त्यामुळे 48 वर्षांच्या बाईला फार त्रास नसेल तर थांबणं हाही एक उपचारच आहे. गरज नसताना होणाऱ्या या ऑपरेशनांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या गरीब बायकांची ती हकिकत. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका. आमच्यातल्या कुणाला त्याचा राग येत असेल, तर येऊ दे.

आता ओव्हरी. गर्भाशय गेलं की पाळी बंद होते, पण ओव्हरी असतील तर त्या इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं मुख्य हार्मोन, तयार करतच राहतात. हाडं, हृदयाच्या रक्तवाहिन्या, झोप, योनीमार्गाचा ओलावा, सगळ्याला ते लागतं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते आणि इस्ट्रोजेन हळूहळू, काही वर्षांत उतरतं. दोन्ही ओव्हरी काढल्या तर ते काही दिवसांतच कोसळतं. अडतिसाव्या वर्षी अंगातून वाफा, रात्री घामाने भिजलेली उशी, चिडचिड. घरचे म्हणतात, "ऑपरेशननंतर हिचा स्वभावच बदलला." त्या बाईला कुणी कारणच सांगितलेलं नसतं. पाळी गेल्यानंतरही ओव्हरी थोडी हार्मोन्स बनवत असतात, त्यामुळे पन्नाशीनंतर त्या अगदीच निकामी होतात असंही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओव्हरीचा थोडा रक्तपुरवठा गर्भाशयाकडून येतो. ती वाट बंद झाल्यामुळे, ठेवलेल्या ओव्हरीही काहीजणींत दोन-चार वर्षं आधी थकतात. तरी ती वर्षं मिळणं आणि रातोरात सगळं थांबणं, यांत फार अंतर आहे.

कॅन्सरची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास झाला. पिशवी काढलेल्या 29 हजारांहून जास्त बायकांची 24 वर्षांची माहिती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. ओव्हरीही काढलेल्यांत ओव्हरीचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी आढळला. पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला ओव्हरीचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तपासणीत बीआरसीए जनुकातला, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक, दोष सापडला असेल, तर हिशेब वेगळा. तिथे ओव्हरी काढण्याचा सल्ला मीही देईन. सोनोग्राफीत नुसती पाण्याची साधी गाठ दिसली, एवढं कारण मात्र बहुधा पुरेसं नसतं. अशा पुष्कळ गाठी दोन-तीन महिन्यांत विरतात. शिवाय ओव्हरीचे बरेच कॅन्सर गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतात असं आता दिसलं आहे. त्यामुळे नलिका काढून ओव्हरी ठेवता येतात. हा मधला मार्ग डॉक्टरांना आवर्जून विचारा.

सही करायच्या कागदावर "बीएसओ" ही अक्षरं असतील, तर त्याचा अर्थ दोन्ही नलिका आणि दोन्ही ओव्हरी काढणार. वाचा, विचारा, "माझ्या ओव्हरींना काय झालंय?" उत्तर पटलं तरच सही करा. आत गेल्यावर ओव्हरीत खरोखर काही वाईट दिसलं तर काय करायचं, तेही आधीच ठरवून लिहून ठेवा. नवऱ्याने किंवा दिराने बाहेर घाईघाईत सही करण्यापेक्षा ते बरं.

ज्यांच्या ओव्हरी आधीच निघाल्या आहेत आणि वय अजून पंचेचाळीसच्या आत आहे, त्यांनीही डॉक्टरांना भेटावं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास नसेल, तर साधारण रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घेता येतं. हाडांची घनता तपासून घ्यावी. काय काढलं आणि काय ठेवलं हे आठवत नसेल, तर कपाटातून डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. त्यात लिहिलेलं असतं. ते सोबत घेऊन जा.