देवीला छप्पर चालत नाही
(मंडळाच्या तोक्यो येथील शरद मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी,

मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, त्यामुळे विषयाला फार फाटे फोडत नाही. कार्यकारिणीने विषय दिला ‘निसर्गातून ईश्वराकडे’. ऐकून जरा धास्तावलोच. या विषयावर माणूस हमखास गोडगोड बोलतो. फुजीवरून सूर्योदय पाहिला, डोळे भरून आले, देव भेटला. भेटला असेलही, नाही म्हणणारा मी कोण? पण त्या सूर्योदयाने तुमच्याकडे काही मागितलं का? मला बोलायचंय ते जिथे देव आधी काहीतरी मागतो त्या जागेबद्दल. म्हणजे देवराईबद्दल, देवाच्या नावाने राखलेल्या रानाबद्दल.

ज्यांच्या गावी देवराई आहे त्यांनी हात वर करा बघू. हां, कोकणवाले आधी, अपेक्षेप्रमाणे. मावळ, भोर, जुन्नरचेही दिसतायत. कुणी राई म्हणेल, कुणी देवरहाटी. आत देव कोण? वाघजाई, काळकाई, सोमजाई, भैरोबा. गोव्याकडे सातेरी. मूर्ती म्हणावी तर बऱ्याच ठिकाणी शेंदूर फासलेला तांदळाच, म्हणजे न घडवलेला दगड. डोक्यावर छप्पर नाही. विचारलं तर म्हातारी माणसं सांगायची, आईला छप्पर चालत नाही. ऊन, पाऊस, गळणारी पानं सगळं तिच्या अंगावर.

नियम कडक. राईत कुऱ्हाड न्यायची नाही. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. झाड वठून पडलं तर तिथेच कुजेल, फार तर देवाच्या कामाला लागेल. अगदीच गरज पडली तर देवीला विचारायचं. गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणावर ओल्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो आणि सगळा गाव टक लावून बघत बसतो, कुठल्या बाजूचा कौल आधी पडतो ते. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर विषय संपला. गावात लाकडाची नड आहे, राईत सोन्यासारखं लाकूड उभं आहे, आणि एक ओली कळी डावीकडून घसरली म्हणून सगळे हात हलवत घरी जातात. भक्ती म्हणतात ती मला इथे दिसते.

यात भीतीही होती. राईतलं लाकूड नेलं तर घरावर अरिष्ट येतं, ही धास्ती होती. जत्रेला कोंबडं-बकरं पडायचं. काही रायांमध्ये बायकांना मज्जाव होता, कुठे कुठे अजून आहे. त्या भागाचं कौतुक मी करणार नाही. पण म्हणून सगळीच अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एकदा आत जाऊन यावं.

बाहेर मे महिन्याचा रखरखाट असतो, डोंगर बोडका, आणि राईच्या आत दहा पावलं टाकली की अंगावरचा घाम निवतो. पायाखाली पाचोळा इतका जाड की पाऊल रुततं. गारंबीचा वेल बघा कधी. खोड माणसाच्या मांडीएवढं, झाडांना विळखे घालत वर गेलेलं, आणि वरून हातभर किंवा त्याहूनही लांब शेंगा लोंबत असतात. त्यातल्या चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया मुठीत धरून पोरं खेळतात. वर शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेतं. नशीब असेल तर धनेश उडतो, त्याच्या पंखांचा आवाज पक्षी दिसायच्या आधी येतो. ही झाडं माणसाने लावलेली नाहीत. त्यांना फक्त हात लावला नाही.

१९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, गावोगाव पायी फिरून. आजूबाजूचं रान कोळशासाठी, इमारतींसाठी तुटून गेलेलं आणि मधेच जुन्या जंगलाचा हिरवा तुकडा शाबूत, असं चित्र होतं. आजही कित्येक गावांचा झरा राईतूनच निघतो. सत्तरीत, गोव्याला, निरंकाराची राई आहे. तिथे दलदलीत जायफळाच्या कुळातली रानझाडं उभी आहेत, आणि त्यांची मुळं गुडघे वर काढावेत तशी चिखलातून बाहेर आलेली. अशी दलदल आता फार थोड्या ठिकाणी उरलीय. तिथे ती टिकली, कारण ती निरंकाराची होती.

तुकोबांचंच बघा. घराण्याचं विठ्ठलाचं देऊळ देहूत होतं, तरी एकांताला ते भामचंद्र आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत.

आता तुम्ही म्हणाल, हे तोक्योत कशाला? कारण इथल्या लोकांना ते समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतल्या छोट्या देवळापाशीसुद्धा एखाद्या जुन्या झाडाला जाड दोर गुंडाळलेला असतो, त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. त्या झाडाला कुणी खिळा मारत नाही.

आणि मेइजी जिंगू, सम्राट मेइजींचं इथलं मोठं देऊळ. आपण पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, परत येतो. ते जंगल आहे ना, ते लावलेलं आहे. मंदिर १९२० साली उभं राहिलं; काम सुरू झालं तेव्हा तिथली बरीचशी जमीन उघडी होती. देशभरातून सुमारे एक लाख झाडं लोकांनी दान दिली आणि हजारो तरुणांनी येऊन श्रमदान केलं. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांना तिथे सुगी, म्हणजे जपानी सूचिपर्णी वृक्ष हवे होते, निक्कोच्या देवळांभोवती आहेत तसे उंच, रुबाबदार. वनशास्त्रज्ञ होंडा सेइरोकु आणि त्यांचे सहकारी अडून बसले. शहराच्या धुरात सुगी जगणार नाहीत, इथे शिई, काशी, कुसु अशी रुंद पानांची सदाहरित झाडंच टिकतील, असं त्यांचं म्हणणं. पंतप्रधानांना मागे यावं लागलं. लावताना हिशोब धरला होता दीडशे वर्षांचा. म्हणजे लावणाऱ्यांपैकी एकही जण पुरं जंगल बघायला असणार नव्हता.

रस्त्यावर पडलेली पानं झाडणारी माणसं तिथे असतात, रुंद झाडू घेऊन. पुढच्या वेळी थांबून बघा ती पानं कुठे नेतात. कचऱ्यात नाही. उचलून परत जंगलात टाकतात, झाडांच्या बुडाशी.

पण जपानचे गोडवे गायला मी उभा नाही. १९०६ साली याच देशाच्या सरकारने हुकूम काढला, छोटी देवळं मोठ्यात विलीन करा. हजारो देवळं गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या राया गेल्या. जुनी झाडं विकली गेली. वाकायामाचे मिनाकाता कुमागुसु त्याविरुद्ध उठले. हे मूळचे वनस्पतींचे, बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचे अभ्यासक, आणि माणूस तऱ्हेवाईक. पुढे सम्राटाला नमुने भेट दिले तेही कॅरॅमलच्या रिकाम्या खोक्यांतून! १९१० साली एका सभेत गोंधळ घातला म्हणून काही दिवस कोठडीत होते. त्यांचा मुद्दा साधा होता. राई गेली की जीव जातात, आणि लोकांच्या मनातला देवही जातो.

आता आपल्याकडे वळतो, कारण खरं बोलायचंय ते हेच. आपल्या गावी हुकूम कुणी काढला नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार निघतो. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आराखडा येतो. आरसीसीचं देऊळ, कळस, सभामंडप, चकचकीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग, भोवती पेव्हर ब्लॉक. आईने शेकडो वर्षं उघड्यावर काढली, तिला आता स्लॅबखाली बसवायचं. जागा करायला झाडं पाडायची, आणि खर्च भागत नसेल तर आणखी चार झाडं विकायची. हे अनेक गावांत झालंय. वर्गणी मुंबईच्या चाकरमान्यांनी दिली, पुण्याने दिली, आणि मंडळी, परदेशातूनही गेली. आपल्याकडून. ‘सौजन्य’ म्हणून फरशीवर नाव कोरून मिळतं, जंगल राखल्याबद्दल कुठे फरशी बसवत नाहीत.

वर्गणी देऊ नका असं मी म्हणत नाही. गावाशी धागा टिकतो त्याने, आणि उत्सवाला गेलं की चार माणसं ओळखतात. पण पैसे पाठवण्याआधी सरपंचांना किंवा गुरवकाकांना फोन लावा. विचारा, किती झाडं जाणार? देऊळ आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढंच बांधता येईल का? याच पैशात राईला दगडी गडगा होईल का, वणवा आत शिरू नये म्हणून जाळपट्टा होईल का? आणि शेवटचा प्रश्न, हा अगदी आपल्या रीतीतला: झाडं तोडायला कौल लावला होता का, आणि काय पडला?

माझा अनुभव असा की या शेवटच्या प्रश्नाला पलीकडून बराच वेळ उत्तर येत नाही.

आता एक सूचना आणि मग पंगत. पुढच्या रविवारी सकाळी ८ वाजता हाराजुकू स्टेशनबाहेर जमू, मेइजीच्या जंगलातून सावकाश फिरू. मुलांना आणा. बिया, पानं, काटक्या खिशात घालायच्या नाहीत, हे घरूनच सांगून आणा.