कंपनी गावाला का देते?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या शाळेत मागं जाणं झालं. व्हरांड्यात पाणी शुद्ध करणारं यंत्र आणि त्यावर देणाऱ्या कंपनीच्या नावाचा भला मोठा बोर्ड. बोर्ड चकचकीत होता, यंत्र बंद होतं. शिपाईमामा म्हणाले, "फिल्टर बदलायला कोण येतंय सर? फोटो काढून गेल्यात ते गेल्यातच." पोरं बाहेरच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होती.

तेव्हापासून डोक्यात आहे, की कंपन्या हे मुळात करतात तरी का?

कायद्यामुळे, हे पहिलं उत्तर. कंपनी कायदा २०१३मधलं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ला. नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी, ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेघ कंपनीनं ओलांडली, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायचे. सरासरी १० कोटी नफा असेल तर २० लाख. यालाच आपण सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणतो. 'टॅक्स वाचवायला करत्यात' असं चहाच्या गाड्यावर ऐकू येतं, पण ते फारसं खरं नाही. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा दाखवता येत नाही. उलट २०२१पासून, न खर्चलेले पैसे ठरलेल्या मुदतीत सरकारी निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरले नाहीत तर दंड आहे. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकं, दप्तरं आणि फिल्टर वाटायची धांदल उडते. त्या शाळेतलं यंत्रही अशाच एखाद्या मार्चमध्ये आलं असावं.

पण गंमत बघा. कोल्हापुरातल्या बहुतेक फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणारे कारखाने, या रेघांच्या खूप खाली आहेत. आपले सहकारी साखर कारखाने तर सहकार कायद्याखालचे, त्यांना कलम १३५ लागूच नाही. तरीही यातले काही जण करतात. मग यांच्या मागं कोण लागलंय?

एक तर गिऱ्हाईक. गोकुळ शिरगावात किंवा कागलला ओतलेलं कास्टिंग ट्रॅक्टरला, ट्रकला, पंपाला जातं, परदेशातही जातं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना सेबीनं, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२-२३पासून पर्यावरण आणि कामगारांबद्दलचा अहवाल सक्तीचा केला. मोठ्याला विचारलं की तो धाकट्याला विचारतो: साच्याची जळकी वाळू कुठं टाकता? धूर कसा अडवता? कंत्राटी कामगाराचा विमा आहे का? उत्तर नसेल तर ऑर्डर दुसरीकडं. यात दोन टक्क्यांचा संबंध नाही, पण माझ्या मते खरी जबाबदारी हीच. रस्त्याकडंला वाळूचे ढीग टाकायचे आणि त्याच गावात झाडं लावायची, हा हिशेब मला तरी पटत नाही.

दुसरं कारण पुरानं दाखवलं. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा महामार्गावर आली आणि शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस थांबली. मोल्डरचं, म्हणजे साचे बनवणाऱ्या कामगाराचं, घर पाण्यात असेल तर तो भट्टीवर येणार कसा? त्या दिवसांत मदत वाटणाऱ्या कारखानदाराला दानशूर म्हणायची गरज नाही, तो आपलाच कारखाना सावरत होता. आणि त्यात वाईट काय? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा असला कायदा नव्हता. आडमाळावर माणूस टिकायचा तर त्याला घर लागतं, पाणी लागतं, पोरांना शाळा लागते.

माझा अनुभव असा, की कंपनीला स्वतःची गरज दिसली की काम टिकतं. नुसत्या दंडाच्या भीतीनं केलेलं काम बोर्डापुरतं राहतं.

आता सरपंच मंडळी ऐकत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे, तेव्हा मागायला लाजू नका. कुठल्या कंपनीनं कशावर किती खर्च केला, हे केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर बघायला मिळतं. जायचं तर मार्चमध्ये नको, वर्षाचा आराखडा ठरण्याआधी जा. आणि यंत्र मागितलंत तर त्याच अर्जात दुसरी ओळ लिहा: पुढची तीन वर्षं फिल्टर कोण बदलणार, आणि त्याचा फोन नंबर काय.

नमस्कार.